प्रत्येक पॅकेजला वेगळे फ्लॅग कशाला?

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकणारी मुलं लिनक्समध्ये थोडी मुरली, की एक प्रश्न हमखास विचारतात. "माझ्या लॅपटॉपवर ब्राउझर आहे, व्हिडिओ प्लेअर आहे, पायथन आहे, डेटाबेस आहे. प्रत्येकाचं काम वेगळं. मग प्रत्येकाला त्याच्या कामाला साजेसे वेगळे कंपायलर फ्लॅग लावले, तर मशीन जास्त पळणार नाही का?"

प्रश्न रास्त आहे. तसं करण्याची सोयही आहे. तरीही या धंद्यात केस पिकलेली मंडळी हा उद्योग टाळायला सांगतात. त्यांच्या सांगण्यामागची कारणं या प्रकरणात एकेक करून पाहू. पण त्याआधी फ्लॅग नेमकं काय करतो ते समजायला हवं, आणि त्यासाठी उपनगराबाहेर जायचीही गरज नाही. पवई पुरेशी आहे.

१. कंपायलर काय सुधारतो?

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला थेट कळत नाही. कंपायलर त्याचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करतो. चांगला कंपायलर तेवढ्यावर थांबत नाही. उत्तर तेच ठेवून काम कमी कसं होईल, हेही तो बघतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात.

समजा, एका प्रोग्रामला २०० ग्राहकांची बिलं काढायची आहेत. प्रत्येक ग्राहकासाठी तो आधी 'दर गुणिले १.१८' करतो आणि आलेल्या आकड्याला युनिटनं गुणतो. एकूण ४०० गुणाकार झाले. पण दर सगळ्यांना सारखाच आहे. म्हणजे पहिला गुणाकार एकदाच करून ठेवला तरी चालेल. मग उरतात २०१. कंपायलर हे स्वतःच ओळखतो आणि स्वतःच करतो.

खऱ्या प्रोग्राममधली पुनरावृत्ती इतकी उघड नसते. अमुक वाटेनं आलं तर तोच हिशेब दुसऱ्यांदा होतो, तमुक वाटेनं आलं तर पहिल्यांदाच होतो, अशी ती अर्धवट असते. ती हुडकण्याची एक गाजलेली पद्धत मोरेल आणि रेनव्हाज या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडली. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी या पद्धतीवर बरीच वर्षं काम केलं. ती व्यवहारात आणण्याजोगी करणारा त्यांचा निबंध १९९१ चा आहे. अशा विश्लेषणाला किती खर्च येतो, याचा हिशेब त्यांनी आणि उदय खेडकर यांनी १९९३ मध्ये मांडला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचं पुस्तक २००९ मध्ये आलं. आयआयटीतल्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं तर जीसीसी या कंपायलरचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळाच घेतल्या.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की कंपायलरची एकेक पायरी अशी वर्षानुवर्षांच्या डोकेफोडीतून घडते. जीसीसीमध्ये अशा पायऱ्या शेकड्यांनी आहेत. त्यांतली कुठली कधी चालू असावी, हा निर्णय ज्यातून घेतला जातो, तो फ्लॅग.

२. फ्लॅगचे प्रकार

बहुतेक पायऱ्यांना वेगळा फ्लॅग आहे, पण सोयीसाठी त्यांचे गठ्ठे बांधलेले असतात. ओ० म्हणजे जवळपास काहीच सुधारणा नको. ओ१ म्हणजे थोडी. ओ२ म्हणजे ज्या सुधारणा बहुतेक प्रोग्रामांना फायद्याच्या ठरल्या आहेत, त्या सगळ्या. वर सांगितलेली अर्धवट पुनरावृत्ती काढण्याची पायरी याच गठ्ठ्यात आहे. ओ३ म्हणजे आणखी आक्रमक. ओएस म्हणजे प्रोग्रामचा आकार लहान ठेवा. ओफास्ट म्हणजे ओ३ च्या वर, आकडेमोडीचे काही नियम मोडले तरी चालतील. आणि 'मार्च=नेटिव्ह' म्हणजे ज्या मशीनवर कंपाइल करतोय त्याच्याच प्रोसेसरच्या खास सूचना वापरा.

वरचा आकडा जास्त म्हणजे वेग जास्त, असं मात्र नाही. पायऱ्या एकमेकींवर अवलंबून असतात. एका फंक्शनचा मजकूर दुसऱ्यात उतरवला, की तिथे नवी पुनरावृत्ती दिसू लागते. ती काढली, की लूप सुटसुटीत होतो आणि पुढच्या पायरीला आणखी काही साधता येतं. पण हेच उतरवणं अति झालं, तर प्रोग्राम फुगतो, प्रोसेसरजवळच्या चिमुकल्या वेगवान मेमरीत मावेनासा होतो आणि उलट मंदावतो. ओ२ हा या ओढाताणीतून निघालेला समतोल आहे. डेबियनसारख्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, हजारो पॅकेजं ओ२ नं कंपाइल करतात, ते यामुळेच.

३. वेगळे फ्लॅग लावले, पण लागले का?

पॅकेजनिहाय फ्लॅगची सर्वांत मोकळी सोय जेंटू लिनक्समध्ये आहे. या डिस्ट्रोत सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर कंपाइल करण्याची परंपरा आहे. सर्वसाधारण फ्लॅग एका फाइलीत लिहायचे, आणि एखाद्या पॅकेजला वेगळे हवे असतील तर 'पॅकेज.ईएनव्ही' नावाच्या दुसऱ्या फाइलीत त्याची नोंद करायची. दोन ओळींचं काम आहे.

पहिला तोटा इथेच लपलेला आहे. आपण लिहिलेला फ्लॅग कंपायलरपर्यंत पोचेलच याची खात्री नसते. ज्या पॅकेजला ठराविक फ्लॅग सोसत नाहीत, त्याच्या जेंटूमधल्या देखभालकर्त्यांनी ते फ्लॅग गाळण्याची तजवीज आधीच केलेली असते. शिवाय अनेक प्रोग्रामांच्या स्वतःच्या मेकफाइलमध्ये शेवटी ओ२ लिहिलेलं असतं. जीसीसीचा नियम असा, की ओच्या पातळ्या एकाहून जास्त आल्या तर शेवटची धरायची. आपण ओ३ लिहिलं, त्यामागे मेकफाइलनं ओ२ जोडलं, की लागतो ओ२. आणि 'ओ३ मुळे किती फरक पडला!' असं समाधान तर आपण मानून घेतलेलं असतं.

४. वाचतो तो वेळ किती?

आता फ्लॅग खरोखर लागला असं धरू. एखादा प्रोग्राम २० सेकंद घेतो. त्यांतले १४ सेकंद डिस्कची आणि नेटवर्कची वाट पाहण्यात जातात. ६ सेकंद त्याचा स्वतःचा हिशेब चालतो. नव्या फ्लॅगनं हा हिशेब १० टक्क्यांनी कमी वेळात झाला, तर वाचले ०.६ सेकंद. म्हणजे २० चे झाले १९.४. एकूण फायदा ३ टक्के. आणि तो फ्लॅग लावून पाहण्यासाठी अर्धा तास जास्तीचं कंपाइल करावं लागलं असेल, तर ते १८०० सेकंद भरून निघायला प्रोग्राम ३००० वेळा चालवावा लागेल. तोवर त्याची नवी आवृत्ती येते आणि पुन्हा कंपाइल करणं आलंच.

मुलांच्या यादीतला व्हिडिओ प्लेअर तर इथे फारच निराशा करतो. एफएफएमपेग, एक्स२६४, डेव्ह१डी यांसारख्या व्हिडिओच्या लायब्ररींत सर्वांत जड काम करणारा भाग माणसांनी हातानं असेम्ब्लीत लिहिलेला असतो. त्याला कंपायलरचे ऑप्टिमायझेशन फ्लॅग शिवतही नाहीत.

मोजमापाचा घोळ याहून मोठा आहे. मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक गमतीदार, पण झोप उडवणारी गोष्ट दाखवली. प्रोग्राम तोच, मशीन तेच, तुलनेतले फ्लॅगही तेच दोन, ओ२ आणि ओ३. बदललं फक्त लिनक्सच्या एन्व्हायर्नमेंटमधल्या मजकुराची लांबी किंवा फाइली जोडण्याचा क्रम. तेवढ्यानंही ओ३ कधी ओ२ पेक्षा सरस, तर कधी कमी दिसू लागला. मेमरीतली जागा थोडी सरकली, एवढंच कारण होतं. २०१३ मध्ये कर्टसिंगर आणि बर्गर यांनी ही जागा मुद्दाम पुन्हा पुन्हा बदलत, सरासरी काढत चाचण्या घेतल्या. त्यांनी घेतलेल्या प्रोग्रामांच्या संचावर ओ२ च्या पुढे ओ३ नं मिळणारा फायदा योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. घरी घड्याळ लावून एकदोनदा मोजलेल्या ३ टक्क्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे यावरून ठरवा.

५. एका फ्लॅटचा पंप

इथपर्यंतचे तोटे आपला वेळ फुकट घालवणारे होते. आता जो येतो, तो इतरांनाही भोवतो.

घाटकोपरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं आपल्या नळाला छोटा पंप बसवला, की त्याच्या घरी पाणी धो धो येतं आणि वरच्या दोन मजल्यांचे नळ करंगळीएवढी धार सोडू लागतात. पंप त्याच्या फ्लॅटमध्ये असला, तरी पाइप सगळ्यांचा असतो. पॅकेजांचंही तसंच आहे. ती वेगवेगळी वाटतात, पण चालताना अनेकदा एकाच प्रक्रियेत, एकाच मेमरीत, एकमेकांच्या लायब्ररी वापरत चालतात.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे फास्ट-मॅथ. ओफास्टमध्ये तो आपोआप येतो. संगणकातली दशांश-आकडेमोड ठराविक अंकांपुरतीच अचूक असते, त्यामुळे बेरजेचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. १ वर १६ शून्यं एवढ्या संख्येत १ मिळवला आणि तीच मोठी संख्या वजा केली, तर नेहमीच्या दुहेरी अचूकतेत उत्तर ० येतं, कारण तो १ राउंडिंगमध्ये हरवतो. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला, तर उत्तर १ येतं. फास्ट-मॅथ कंपायलरला हा क्रम हवा तसा बदलण्याची मुभा देतो. 'ही संख्याच नव्हे' असं सांगणारं एनएएन नावाचं खास मूल्य कधी येणारच नाही, असंही तो धरून चालतो. मग एनएएन आहे का ते तपासणारी ओळच कंपायलर काढून टाकू शकतो.

हे सगळं एका पॅकेजपुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण जीसीसी या फ्लॅगनं लायब्ररी जोडताना तिच्यात एक छोटा तुकडा घालत असे. लायब्ररी मेमरीत आली, की तो तुकडा प्रोसेसरची एक सेटिंग बदलायचा आणि शून्याच्या अगदी जवळच्या अतिसूक्ष्म संख्या सरळ शून्य धरल्या जायच्या. हे ज्या धाग्यात (थ्रेडमध्ये) लायब्ररी चढली, त्यातल्या सगळ्याच हिशेबांना लागू व्हायचं, मग ते कुणाच्याही कोडमधले असोत. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका संशोधकाला आढळलं, की पायथनच्या काही तयार पॅकेजांत हा तुकडा जाऊन बसला आहे. त्यांतलं एक होतं जी-इव्हेंट, म्हणजे नेटवर्कच्या कामाची लायब्ररी. आकडेमोडीशी तिचा काही संबंध नाही. कुणीतरी वेगासाठी ओफास्ट लावला होता आणि परिणाम भोगत होते तीच प्रक्रिया वापरणारे गणिती प्रोग्राम. २०२३ च्या जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीत हा तुकडा घालणं थांबवलं गेलं. जुन्या कंपायलरनं बांधलेल्या लायब्ररी मात्र अजून वापरात असू शकतात.

काही फ्लॅग याहून सरळ मोडतोड करतात. मेमरीत माहिती कशी रचायची, एखाद्या प्रकाराला किती बाइट द्यायचे, हेच ते बदलतात. एका लायब्ररीनं रचना बदलली आणि तिला वापरणारा प्रोग्राम जुन्या रचनेवर राहिला, तर एकानं लिहिलेलं दुसरा चुकीच्या जागी वाचतो. कंपाइल करताना चूक दिसेलच असं नाही. प्रोग्राम महिन्याभरानं कुठेतरी कोसळतो.

६. चाचणी कोण करणार?

समजा, १० पॅकेजं आहेत आणि प्रत्येकाला तीनपैकी कुठलीही फ्लॅग-रचना लावता येते. एकूण जुळण्या होतात ५९,०४९. सगळ्यांना एकच रचना लावली, तर जुळणी एक. ती एक जुळणी जगभरातले लाखो वापरकर्ते रोज चालवून तपासत असतात. तुमची खास जुळणी तपासणारे तुम्ही एकटेच.

कंपायलरही चुकतो. यूटा विद्यापीठातल्या सीस्मिथ या साधनानं आपोआप तयार केलेले प्रोग्राम वापरून २०११ पर्यंत निरनिराळ्या कंपायलरांतल्या ३२५ हून अधिक चुका शोधल्या. ज्या फ्लॅगवाटेनं वर्दळ जास्त, तिथल्या चुका लवकर सापडतात आणि बुजवल्या जातात. आडवाटेच्या तशाच पडून राहतात.

मग बग आला, की पंचाईत होते. मूळ लेखक पहिला प्रश्न विचारतो: फ्लॅग कुठले होते? जेंटूत त्यासाठी माहिती काढण्याची आज्ञा आहे. पण ती नुसती दिली, तर सर्वसाधारण फ्लॅगच दिसतात. पॅकेजचं नाव घेऊन विचारलं, तरच त्याचे वेगळे फ्लॅग बाहेर येतात. ते आपण विसरलेलो असतो. शेवटी 'नेहमीच्या फ्लॅगनं पुन्हा कंपाइल करून पाहा' असं उत्तर मिळतं, आणि लेखकाचं त्यात काही चुकतही नाही.

७. कुलपं गळून पडतात

फ्लॅग फक्त वेगासाठी नसतात. मेमरीतल्या मर्यादेबाहेर कुणी लिहू लागलं तर प्रोग्राम तिथेच थांबवणारे संरक्षक फ्लॅगही असतात, आणि डेबियनसारख्या डिस्ट्रो ते बहुतेक पॅकेजांना आपोआप लावतात. एखाद्या पॅकेजच्या नियमावलीत कुणी उत्साहानं फ्लॅगची अख्खी यादीच नव्यानं लिहिली, तर आपला ओ३ येतो आणि हे संरक्षण मुकाट निघून जातं. प्रोग्राम नेहमीसारखाच चालतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. तपास सोपा व्हावा म्हणून ओ० लावणाऱ्यांनीही जपून राहावं. यांतलं 'फॉर्टिफाय' नावाचं संरक्षण ऑप्टिमायझेशन चालू असल्याशिवाय कामच करत नाही.

८. फ्लॅग शिळा होतो

फ्लॅग लिहितो त्या दिवशी तो बरोबर असेलही. पण कंपायलर बदलतो. एकाच वेळी अनेक संख्यांवर तीच क्रिया करणाऱ्या प्रोसेसर-सूचना आपणहून वापरण्याची सोय जीसीसीत पूर्वी ओ३ ला मिळायची. त्यासाठी अनेकांनी निवडक पॅकेजांना ओ३ लावून ठेवला. २०२२ च्या जीसीसी १२ नं हीच सोय, थोडा हात राखून, ओ२ मध्येही आणली. जुन्या नोंदीमागचं मुख्य कारण पातळ झालं, नोंद मात्र फाइलीत तशीच. काही फ्लॅग तर जीसीसीला कळतात, पण क्लँग या दुसऱ्या कंपायलरला कळतच नाहीत.

मशीनही बदलतं. मार्च=नेटिव्ह लावून नव्या डेस्कटॉपवर बांधलेलं पॅकेज जुन्या लॅपटॉपवर नेलं, तर तो प्रोसेसर न कळणारी सूचना येताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून हात वर करतो. वेगळ्या फ्लॅगमुळे तयार पॅकेजांचाही फायदा जातो. जेंटूनं २९ डिसेंबर २०२३ ला मोठ्या प्रमाणावर तयार बायनरी पॅकेजं देणं सुरू केल्याचं जाहीर केलं. ती अर्थातच सर्वसाधारण फ्लॅगनं बांधलेली आहेत. ती घ्यायची, तर आपले खास फ्लॅग सोडावे लागतात. खास फ्लॅग हवेत, तर तासन्‌तास कंपाइल करत बसावं लागतं.

९. मग कधीच लावू नयेत का?

लावावेत, पण कारण असेल तेव्हा. लिनक्सच्या कर्नलचंच पाहा. २००९ मध्ये त्याच्या 'टन' (TUN) ड्रायव्हरमध्ये एक सुरक्षाछिद्र सापडलं. पॉइंटर रिकामा आहे का, ही तपासणी कोडमध्ये होती, पण तो पॉइंटर वापरून झाल्यानंतर. जीसीसीनं तर्क केला, की एकदा वापरला म्हणजे तो रिकामा नसणारच, आणि ती तपासणी काढून टाकली. त्यानंतर कर्नलनं अशा तपासण्या काढू नयेत असं सांगणारा फ्लॅग कायमचा जोडला. हा एका पॅकेजचा खास फ्लॅगच आहे, पण तो लेखकांनीच मूळ कोडसोबत ठेवला, सगळ्यांसाठी ठेवला आणि त्यामागचं कारण सर्वांना ठाऊक आहे. फेडोरा ३८ मध्ये सगळ्या पॅकेजांना फ्रेम पॉइंटर जपणारा फ्लॅग लागला, तेव्हा त्या वेळच्या पायथनला सूट दिली गेली, कारण त्याचा वेग लक्षणीय घटत होता. तीही मोजमाप आणि जाहीर चर्चा करून.

वेगाची गरज खरी असेल, तर त्यालाही चांगली उत्तरं आहेत. ओपनब्लाससारखी गणिती लायब्ररी एकाच फंक्शनच्या अनेक आवृत्त्या सोबत बाळगू शकते आणि चालू होताना प्रोसेसर ओळखून योग्य ती निवडते. लिनक्सची मूळ सी लायब्ररी जीलिबसी हिच्या २०२१ च्या २.३३ आवृत्तीपासून अख्ख्या लायब्ररीच्याच प्रोसेसरनिहाय प्रती ठेवून त्यांतली योग्य ती आपोआप उचलण्याची सोय झाली. निवड तिथे ज्याला माहिती आहे त्याच्याकडे राहते, आणि वापरणाऱ्याला फाइलीत काही लिहावं लागत नाही.

तरीही एखाद्या पॅकेजला वेगळा फ्लॅग लावावासा वाटला, तर आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. वेळ नेमका कुठे जातो, हे प्रोफायलरनं पाहिलं आहे का? फरक अनेक वेळा, परिस्थिती बदलून मोजला आहे का? तो फ्लॅग आकडेमोडीचे नियम, मेमरीची रचना किंवा संरक्षण यांना हात लावत नाही ना? आणि कारण, तारीख, कंपायलरची आवृत्ती नोंदीशेजारी लिहिली आहे का? एकाचंही उत्तर डळमळीत असेल, तर ओ२ राहू द्या. चारही पक्की असतील, तर फ्लॅग स्वतःच्या मशीनवर दडवून न ठेवता मोजमापासह त्या पॅकेजच्या लेखकाला कळवा. त्याला पटलं, तर तो सगळ्यांना मिळेल आणि सांभाळण्याची जबाबदारीही तुमच्या एकट्यावर राहणार नाही.